लॉगिनचं टेबल पहिल्यांदा बनवताना: हॅश काय करायचं, एन्क्रिप्ट काय करायचं

काही वर्षांपूर्वी एक जुना प्रोजेक्ट माझ्या हाती आला. युजर्सचं टेबल उघडलं, पासवर्डच्या कॉलमवर सॉर्ट लावला आणि पहिल्याच पानावर ३२ अक्षरांची एकच स्ट्रिंग एकाखाली एक दिसायला लागली. सुरुवात ‘ई१०एडीसी३९’. ती मला पाठ होती, कारण ‘१२३४५६’ या पासवर्डचा एमडी५ हॅश (एमडी५ नावाच्या गणिताने पासवर्डवरून काढलेली स्ट्रिंग) तोच येतो, कुठल्याही कॉम्प्युटरवर, कधीही. एकही पासवर्ड न फोडता कोणाकोणाचा पासवर्ड ‘१२३४५६’ आहे याची यादी माझ्यासमोर तयार होती. ज्याने ते टेबल बनवलं त्याने ‘पासवर्ड हॅश करून ठेवा’ हा सल्ला ऐकला होता आणि पाळलाही होता. त्यापुढचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते पुढचं सांगण्यासाठी हा लेख. तुम्ही पहिल्यांदाच लॉगिन बांधत असाल असं धरून चालतो.

आधी एक प्रश्न विचारा

कुठलीही माहिती साठवण्याआधी स्वतःला विचारा: ही मला पुन्हा जशीच्या तशी वाचायची आहे का?

फोन नंबर वाचायचा असतो, त्यावर मेसेज पाठवायचा असतो. तो एन्क्रिप्ट करतात: एका कीने बंद करायचा, गरज पडली की कीने उघडायचा. पासवर्ड मात्र तुम्हाला कधीच वाचायचा नसतो. समोरच्याने आत्ता टाकलेला शब्द आणि नोंदणीच्या वेळी टाकलेला शब्द एकच आहे का, एवढंच ठरवायचं असतं. म्हणून त्याचा हॅश करतात. हॅशला की नसते आणि परतीची वाटही नसते. एक अक्षर बदललं की सगळी स्ट्रिंग बदलते, आणि स्ट्रिंगवरून मूळ शब्द काढायचा तर एकेक शब्द टाकून बघत बसण्यावाचून उपाय नसतो. पासवर्ड तुम्हालाही कळू नये, तुमच्या डेटाबेस ॲडमिनलाही कळू नये. ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक केल्यावर एखादी साइट जुना पासवर्डच मेलने पाठवत असेल, तर तिथे हे पाळलेलं नाही हे नक्की.

पासवर्ड एन्क्रिप्ट केला तर काय होतं, याचं उदाहरण अडोबीचं आहे. २०१३ मध्ये त्यांच्याकडून १५ कोटींच्या आसपास नोंदी बाहेर पडल्या. पासवर्ड ट्रिपल डीईएस या जुन्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेले होते, सगळ्यांसाठी एकच की, आणि मोड ईसीबी. या मोडमध्ये सारख्या मजकुराचं सारखंच एन्क्रिप्शन निघतं. त्यामुळे कोणाकोणाचे पासवर्ड सारखे आहेत ते उघड दिसत होतं. शेजारच्या कॉलममध्ये लोकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीच्या खुणा होत्या, त्या साध्या मजकुरात. शंभर लोकांनी एकाच पासवर्डसाठी शंभर वेगवेगळ्या खुणा लिहिल्या असतील तर तो ओळखायला कीची गरजच उरत नाही.

आणि बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. त्यात कीच नसते, ती फक्त लिहिण्याची वेगळी पद्धत आहे. नवीन लोकांच्या कोडमध्ये ही चूक मला इतक्यांदा दिसली आहे की सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

एमडी५ आणि एसएचए-२५६ इथे का चालत नाहीत

एमडी५ मोडीत निघालाय म्हणून एसएचए-२५६ हा नवा हॅश वापरतो, असं बरेच जण म्हणतात. एसएचए-२५६ उत्तम हॅश आहे, फाइल बदलली का हे तपासायला तोच वापरा. पासवर्डसाठी त्याची अडचण म्हणजे त्याचा वेग. तो वेगवान असावा म्हणूनच बनवलाय, आणि हा वेग हल्लेखोराच्या कामी येतो.

हिशेब करून बघू. फक्त लहान इंग्रजी अक्षरांचा, आठ अक्षरी पासवर्ड घ्या. २६ चा आठवा घात म्हणजे साधारण २०९ अब्ज शक्यता. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० अब्ज एसएचए-२५६ काढतं असं धरलं, आणि आजच्या चांगल्या कार्डासाठी हे अजिबात जास्त नाही, तर सगळ्या शक्यता २१ सेकंदांत संपतात. आता तोच पासवर्ड बीक्रिप्टने, म्हणजे मुद्दाम हळू बनवलेल्या हॅशने, हॅश केलाय आणि त्याच कार्डाला सेकंदाला दोन हजारच प्रयत्न जमतात असं धरा. तीन वर्षांहून जास्त लागतील, आणि तेही एकाच युजरसाठी.

‘एकाच युजरसाठी’ हे घडतं सॉल्टमुळे. प्रत्येक पासवर्डला हॅश करण्याआधी एक वेगळी रँडम स्ट्रिंग जोडायची, तिला सॉल्ट म्हणतात. मग दहा जणांनी ‘१२३४५६’ ठेवला तरी दहा वेगळे हॅश पडतात, आणि आधीच करून ठेवलेल्या हॅशच्या याद्या निरुपयोगी होतात. ही कल्पना नवी नाही. युनिक्ससाठी रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ती १९७९ च्या लेखात मांडली होती, तेव्हा सॉल्ट १२ बिटांचा होता. आता १६ बाइट ठेवतात. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख हॅश बाहेर आले तेव्हा ते बिनसॉल्टचे एसएचए-१ निघाले.

सॉल्ट गुप्त नसतो, तो हॅशच्या शेजारीच ठेवतात. गुप्त नसला तरी तो दर वेळी नवा हवा आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित रँडममधून आलेला हवा. साऱ्या टेबलसाठी एकच सॉल्ट ठेवणं, किंवा युजरनेमलाच सॉल्ट मानणं, ही दोन्ही कामं करू नका.

अल्गोरिदम निवडा, पण त्यात अडकू नका

नवीन प्रोजेक्ट असेल तर आर्गॉन२आयडी (आर्गॉन२ या पासवर्ड-हॅशचा एक प्रकार) घ्या. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत आर्गॉन२ जिंकला. त्याची खासियत म्हणजे तो वेळेबरोबर मेमरीही खातो. ग्राफिक्स कार्डात हजारो कोअर असतात, पण प्रत्येक कोअरला भरपूर मेमरी देणं महाग पडतं, तिथेच हल्लेखोर अडतो. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या शिफारशीत किमान १९ एमबी मेमरी, २ फेऱ्या आणि १ थ्रेड असं एक माप आहे, तिथून सुरुवात करा. फक्त एक हिशेब आधीच करून ठेवा: एकाच क्षणी शंभर जण लॉगिन करत असतील तर १९ गुणिले १०० म्हणजे जवळजवळ दोन जीबी मेमरी नुसत्या हॅशिंगला लागेल.

तुमच्या भाषेत आर्गॉन२ची चांगली लायब्ररी नसेल तर १९९९ पासून टिकून असलेला बीक्रिप्ट घ्या, कॉस्ट (काम किती जड करायचं तो आकडा) १० पेक्षा कमी नको, १२ बरा. कुठल्या सरकारी मानकामुळे पीबीकेडीएफ२ हा तिसरा पर्याय वापरावाच लागत असेल तर एसएचए-२५६ बरोबर सहा लाख फेऱ्या ठेवा. तिन्हींपैकी काहीही नीट वापरलं तर तुम्ही सुरक्षित बाजूला आहात. स्वतःचा हॅश मात्र रचू नका, ‘एमडी५ वर एसएचए-१, त्यावर पुन्हा एमडी५’ असाही नाही. माप ठरवताना स्वतःच्या सर्व्हरवर मोजून बघा. एका हॅशला पाव सेकंदाच्या आसपास लागत असेल तर माणसाला जाणवत नाही आणि हल्लेखोराला पुरेसं जड जातं.

बीक्रिप्टची ७२ बाइटची भिंत

बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतो. पुढचं कित्येक लायब्रऱ्या मुकाट्याने सोडून देतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ७२ अक्षरं मिळतात, तो या भिंतीपर्यंत सहसा पोचतच नाही. देवनागरीचं तसं नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, उकार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘दुसऱ्या’ हा शब्द बघा: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. सात चिन्हं, २१ बाइट. असे तीन शब्द मधल्या जागांसह ६५ बाइट होतात. चौथा शब्द सुरू होता होता भिंत येते. कोणी मराठीत पाच शब्दांचा, लक्षात राहणारा, छान लांब पासवर्ड ठेवला तर त्याचे शेवटचे दीड-दोन शब्द तपासलेच जात नाहीत, आणि हे त्याला कधी कळतही नाही.

याच शब्दात आणखी एक गोम आहे. ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून टाइप होऊ शकतं, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट वेगळे, म्हणजे हॅशही वेगळा. फोनच्या कीबोर्डवरून नोंदणी केलेला माणूस लॅपटॉपवरून लॉगिन करायला जातो आणि बरोबर पासवर्ड टाकूनही त्याला ‘चुकीचा पासवर्ड’ दिसतं. यावर उपाय आहे: हॅश करण्याआधी युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर दोन रीतींनी लिहिलेलं असलं तर ते एका रूपात आणणं) करा, नोंदणीच्या वेळी आणि लॉगिनच्या वेळी, दोन्हीकडे. त्याने र आणि नुक्ता जोडले जाऊन ऱ होतो. काही कीबोर्ड मात्र तोच ‘ऱ्य’ साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून काढतात, आणि तो फरक एनएफसीने मिटत नाही. म्हणून पासवर्डच्या चौकटीशेजारी ‘दाखवा’चं बटण असलं तरी त्यावर पूर्ण विसंबू नका, रीसेटची वाट सोपी ठेवा. देवनागरी पासवर्डवर बंदी घालणं हा उपाय नव्हे. आपल्या भाषेत पासवर्ड ठेवायची मुभा आपल्याच लोकांना नाकारायचं काही कारण नाही.

७२ बाइटची गोष्ट किरकोळ वाटत असेल तर २०२४ मधली ऑक्टाची घटना ऐका. ही लॉगिनचीच सेवा देणारी कंपनी. त्यांच्या एका भागात युजर आयडी, युजरनेम आणि पासवर्ड एकत्र जोडून बीक्रिप्टला दिले जात होते. युजरनेम ५२ अक्षरांचं किंवा त्याहून मोठं असलं की पासवर्डला ७२ बाइटमध्ये जागाच उरत नव्हती. काही परिस्थितीत पासवर्डशिवाय आत जाता येत होतं. म्हणून बीक्रिप्टला फक्त पासवर्ड द्या, आणि तो ७२ बाइटच्या वर गेला तर स्पष्ट सांगून थांबवा. आर्गॉन२ ला ही मर्यादा नाही.

टेबल

आयडी, ईमेल, पासवर्ड-हॅश आणि पासवर्ड शेवटचा कधी बदलला त्याची तारीख, एवढ्यावर भागतं. हॅशच्या कॉलमला २५५ अक्षरांची जागा द्या. बीक्रिप्टची स्ट्रिंग ६० अक्षरांची असते, आर्गॉन२ची त्याहून लांब. जुन्या एमडी५च्या सवयीने ३२ ची जागा ठेवली आणि डेटाबेसने उरलेली अक्षरं कापून टाकली, तर एकालाही लॉगिन करता येणार नाही.

सॉल्टसाठी वेगळा कॉलम लागत नाही. बीक्रिप्टची स्ट्रिंग एकदा जवळून वाचून बघा. सुरुवात अशी: $२बी$१२$. ‘२बी’ ही आवृत्ती. १२ ही कॉस्ट, म्हणजे दोनाचा बारावा घात, ४,०९६ फेऱ्या. १३ केलं की काम दुप्पट. मग २२ अक्षरं सॉल्टची आणि ३१ अक्षरं खऱ्या हॅशची. पडताळणीला लागणारं सगळं त्या एका ओळीत आहे.

नोंदणी

पासवर्ड एचटीटीपीएसवरूनच यायला हवा. ब्राउझरमध्येच हॅश करून पाठवला तर सर्व्हरला पासवर्ड कळणारच नाही, असं कोणाला तरी सुचतंच. पण मग तो हॅशच पासवर्ड होऊन बसतो. ज्याच्या हाती टेबल लागेल तो त्यातली स्ट्रिंग जशीच्या तशी पाठवून आत येईल. हॅशिंग सर्व्हरवरच करा.

‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ हा नियम टाकू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात असे नियम आणि ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती, दोन्ही नको म्हटलं. लांबी मागा. आणि आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो आहे का ते तपासा. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेला पासवर्डच्या एसएचए-१ हॅशची पहिली पाचच अक्षरं पाठवायची, ती त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश परत देते, आणि जुळवणी तुमच्याच सर्व्हरवर होते. पूर्ण पासवर्ड कुठेच जात नाही.

हे झालं की लायब्ररीचं फंक्शन बोलवा. पीएचपीमध्ये ‘पासवर्ड_हॅश’ २०१३ पासून भाषेतच आहे, सॉल्ट तेच बनवतं. जँगो, स्प्रिंग या फ्रेमवर्कांकडेही स्वतःची सोय आहे. आलेली स्ट्रिंग कॉलममध्ये टाका.

लॉगिन

ईमेलवरून ओळ काढा, पॅरामीटर दिलेल्या क्वेरीने. स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवली तर एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्याने चौकटीतून स्वतःची क्वेरी घुसवण्याला, दार उघडं राहतं. मग टाकलेला पासवर्ड आणि ती ओळ पडताळणीच्या फंक्शनला द्या, पीएचपीत ‘पासवर्ड_व्हेरिफाय’. नवीन माणूस इथे नवा हॅश काढून दोन स्ट्रिंगची तुलना करायला जातो आणि त्या कधीच जुळत नाहीत, कारण सॉल्ट दर वेळी नवा. पडताळणीचं फंक्शन जुना सॉल्ट ओळीतूनच उचलतं आणि तुलनाही अशा रीतीने करतं की लागलेल्या वेळेवरून काही ताडता येत नाही.

ईमेल टेबलमध्ये नसेल तरी एक खोटा हॅश पडताळा आणि मगच नकार द्या. नाहीतर असलेल्या ईमेलला पाव सेकंद आणि नसलेल्याला क्षणभर, एवढ्या फरकावरून कोणाचं खातं आहे ते बाहेरच्याला कळतं. संदेशही दोन्ही वेळा एकच ठेवा. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला.

आणि लॉग तपासा. २०१८ मध्ये ट्विटरने ३३ कोटी युजर्सना पासवर्ड बदलायला सांगितलं. बीक्रिप्ट वापरत होते, सगळं नीट होतं, पण हॅश होण्याआधीच पासवर्ड आतल्या एका लॉगमध्ये लिहिला जात होता. तुमच्या फ्रेमवर्कमध्ये आलेली पूर्ण रिक्वेस्ट डीबगसाठी छापणारी एखादी ओळ असू शकते. ती शोधा.

जुनं टेबल गळ्यात पडलं असेल तर

मी माझ्या त्या ‘ई१०एडीसी३९’वाल्या टेबलचं हे केलं. लोक पुन्हा लॉगिन करतील तेव्हा बदलू म्हणून वाट बघत बसलो नाही. प्रत्येक एमडी५ची ३२ अक्षरी स्ट्रिंग बीक्रिप्टला पासवर्ड म्हणून दिली आणि एका रात्रीत सगळं टेबल बदललं. शेजारी ‘जुनी पद्धत’ अशी एक खूण ठेवली. तो माणूस लॉगिन करायला आला की त्याच्या पासवर्डचा आधी एमडी५, मग बीक्रिप्टची पडताळणी, आणि जुळलं की त्याच क्षणी मूळ पासवर्डचा थेट हॅश काढून खूण पुसायची. इथे एमडी५ची अक्षरी स्ट्रिंगच द्या. कच्चे बाइट दिले आणि त्यात शून्य बाइट आला तर कित्येक बीक्रिप्ट तिथेच वाचन थांबवतात.

मग जुना कॉलम काढून टाका, जुने बॅकअपही. २०१५ मध्ये ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटचे पासवर्ड बाहेर पडले तेव्हा ते कॉस्ट १२ च्या बीक्रिप्टमध्ये होते. पण लॉगिन टिकवण्यासाठी पासवर्डपासूनच बनवलेला एक एमडी५ टोकन त्याच डेटात होता. त्यावरून १.१ कोटींहून जास्त पासवर्ड फोडले गेले.

डेटाबेसचं स्वतःचं लॉगिन

आतापर्यंतचं सगळं युजर्सचं झालं. तुमचं ॲप्लिकेशनही डेटाबेसमध्ये लॉगिन करतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी पूर्वी एमडी५ होता, तोही युजरनेमलाच सॉल्ट मानणारा. २०१७ च्या आवृत्ती १० मध्ये स्क्रॅम-एसएचए-२५६ हा सुरक्षित पर्याय आला आणि १४ पासून तोच डीफॉल्ट आहे. सेटिंग बदलल्याने जुने पासवर्ड आपोआप बदलत नाहीत, प्रत्येक खात्याचा पासवर्ड नव्याने टाकावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून ‘कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड’ डीफॉल्ट आहे. दोन्हीकडे कनेक्शन टीएलएसवर, म्हणजे एन्क्रिप्ट करून, घ्या.

हा पासवर्ड मात्र तुम्ही हॅश करून ठेवू शकत नाही, कारण ॲप्लिकेशनला तो डेटाबेससमोर सिद्ध करावा लागतो, म्हणजे जसाच्या तसा हाताशी लागतो. पहिला प्रश्न इथे उलटा लागू झाला. तो गिटमध्ये टाकू नका, सिक्रेट साठवणाऱ्या सेवेत किंवा निदान एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि त्या खात्याला लागतात तेवढेच हक्क द्या. वेबसाइटला टेबल ड्रॉप करायचा हक्क कशाला हवा?

फोन नंबर, ओळखपत्राचे क्रमांक असल्या कॉलमांसाठी एईएस-२५६ हे एन्क्रिप्शन, मोड जीसीएम. दर वेळी नवा १२ बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायची किंमत), एकाच कीबरोबर तो पुन्हा कधीच नाही. की डेटाबेसबाहेर ठेवा, नाहीतर एका बॅकअपबरोबर कुलूप आणि किल्ली दोन्ही जातात. आणि पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ती डिस्क चोरीला गेली तर वाचवते. इंजेक्शनने क्वेरी चालवणाऱ्याला डेटाबेस सगळं उघडूनच देतो.

सगळं बांधून झालं की हे करून बघा. एकाच पासवर्डने दोन खाती बनवा, पासवर्ड असा ठेवा की जो दुसरीकडे कुठे सापडणारच नाही. टेबल उघडून दोन्ही स्ट्रिंग वेगळ्या आहेत ना ते बघा. मग दोन्ही खात्यांत एकदा बरोबर, एकदा चुकीचं लॉगिन करा, पासवर्ड रीसेट मागवा, डेटाबेसचा पूर्ण डंप काढा आणि त्या डंपमध्ये व सर्व्हरच्या सगळ्या लॉगमध्ये तो शब्द शोधा. एकदाही सापडला तर लॉगिन अजून लाइव्ह करू नका.